कोंडलेल्या मुलांच्या हातीं खुरपें आणि रंग

(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें दिलेलें भाषण)



आजच्या सभेंत आम्ही शाळेच्या इमारतीविषयीं किंवा शिष्यवृत्तीविषयीं बोलूं अशी पुष्कळांची समजूत असेल. पण आज आम्ही त्या मुलांविषयीं बोलणार आहोंत, ज्यांचीं नांवें एके दिवशीं शाळेच्या पटावरून नाहींशीं होतात आणि पोलिसांच्या कागदांवर चढतात. सरकारी भाषेंत त्यांना विधिसंघर्षग्रस्त बालकें म्हणतात. गांवांत त्यांना 'रिमांड होमचीं पोरें' म्हणतात, आणि तें म्हणतांना आवाज खालीं आणतात.

हीं पोरें कोणाचीं? कोणी विहिरीवरच्या पंपाची तांब्याची तार काढून विकलेली असते. कोणी दुसऱ्याची मोटारसायकल पळविलेली असते. कोणी भांडणांत दुसऱ्याचें डोकें फोडलेलें असतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांतले चार हजारांहून अधिक आपल्या महाराष्ट्रांतले होते. पैसेवाल्याच्या मुलानें आगळीक केली तर दुसऱ्या दिवशीं वकील उभा राहतो, मामा उभा राहतो, जामीन होतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरासाठीं कोण धांवणार? धंदा बसला म्हणून शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलींत राहिलेल्या सुताराच्या, लोहाराच्या, कुंभाराच्या पोरासाठीं कोण धांवणार? म्हणून हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नाहीं. तो आपल्याच उंबऱ्यावरचा आहे.

तीं मुलें आंत असतांना त्यांच्या हातांनीं काय करावें? आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं त्यांच्या हातीं खुरपें द्यावें, माती द्यावी, रंग द्यावा. परंतु तें कसें द्यावें यांतच सर्व कांहीं आहे. एकाच कुदळीनें मूल मोडतां येतें आणि त्याच कुदळीनें तें उभेंहि करतां येतें. जगांत या दोन्ही गोष्टी घडून गेल्या आहेत, आणि त्या तुम्हांस सांगण्यासाठींच आम्ही येथें उभे आहोंत.

प्रथम तुमच्या मनांतला आक्षेप आम्हीच मांडतों. तुम्ही म्हणाल, "मास्तर, ज्याची पंपाची तार गेली त्याचें पीक वाळलें. आमच्या पोरांच्या शाळेंत फळा धड नाहीं. आणि चोरी केलेल्या पोराला तुम्ही फुलबाग देतां काय?" हा प्रश्न रास्त आहे. ज्याचें नुकसान झालें त्याला न्याय मिळालाच पाहिजे. २०१५ चा बाल न्याय कायदाहि मुलाला नुसतें सोडून द्या असें म्हणत नाहीं. बाल न्याय मंडळाला समाजसेवेचें काम लावतां येतें, दंड करतां येतो, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं ठेवतां येतें, आणि विशेष गृहांत जास्तींत जास्त तीन वर्षें ठेवतां येतें. पण तीन वर्षांनीं काय? तें पोर परत येणार आहे. तें याच गांवांत, याच वाटेवर, तुमच्याच पंपाजवळून चालणार आहे. आंत त्यानें भिंतीकडे पाहत दिवस काढले आणि मोठ्या चोरांच्या गोष्टी ऐकल्या, तर तें तार काढायला अधिक शहाणें होऊन येईल. आंत त्यानें कांहीं पिकविलें, कांहीं घडविलें, तर निदान दुसऱ्याच्या पिकाची किंमत त्याला कळलेली असेल. फुलबागेचा खर्च त्या पोराच्या लाडासाठीं नाहीं. तुमच्या विहिरीच्या राखणीसाठीं तो आहे असें समजा.

शिवाय एक गोष्ट ध्यानांत घ्या. निरीक्षणगृहांत असलेल्या मुलाची अजून चौकशी चाललेली असते. त्यानें गुन्हा केला असें अजून ठरलेलें नसतें, आणि कायदा त्याला तोंवर निर्दोष धरतो. निर्दोष धरलेल्या मुलाला दिवसभर रिकामें बसवून ठेवणें ही शिक्षाच आहे, मग तिला नांव कोणतेंहि द्या.

आतां बागेचा गुण काय, तें पाहूं. तो तुम्हांला आम्ही सांगणें म्हणजे गवळ्याला दुधाची चव सांगण्यासारखें आहे. रोप मुलाला त्याचें मागलें कांहीं विचारीत नाहीं. काल पाणी घातलें कीं नाहीं, एवढेंच तें दाखवितें. ज्या पोरानें जन्मभर 'तुझ्या हातून कांहीं चांगलें व्हायचें नाहीं' एवढेंच ऐकलें, त्यानें टाकलेली मेथी चारपांच दिवसांत माती फोडून वर येते. ही गोष्ट त्याला कोणीं पटवून द्यावी लागत नाहीं. तो ती आपल्या डोळ्यांनीं पाहतो. चूक झाली, पाणी जास्त झालें, वाफा कुजला, तरी पुन्हां बी टाकतां येतें. घाई केली म्हणून वांगें लवकर धरत नाहीं. ज्याला जें हवें तें तत्क्षणीं ओढून घेण्याची संवय लागली आहे, त्याला वाट पाहण्याचा धडा वाफ्याहून चांगला कोणी देऊं शकत नाहीं. आणि रागाविषयीं म्हणाल, तर दुपारभर कुदळ चालविलेल्या माणसाला रात्रीं झोप लागते, हें तुम्हांपैकीं कोणाला ठाऊक नाहीं?

हिरवाईचा माणसाच्या मनावर व शरीरावर परिणाम होतो याला शास्त्राचाहि आधार आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांतल्या एका इस्पितळाचे १९७२ ते १९८१ या वर्षांचे कागद रॉजर उल्रिक नांवाच्या संशोधकानें तपासले. रोगी सर्व पित्ताशयाच्या एकाच शस्त्रक्रियेचे. त्यांच्या २३ जोड्या त्यानें लावल्या. जोडींतल्या एकाच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं, दुसऱ्याच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें दिसणारे रोगी लवकर घरीं गेले, आणि वेदना शमविणारीं कडक औषधें त्यांना कमी लागलीं. हा शोध १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. हे रोगी मोठीं माणसें होतीं आणि इस्पितळ म्हणजे बंदिगृह नव्हे. तेव्हां यावरून वाटेल तेवढें मोठें अनुमान आम्ही काढीत नाहीं. पण नुसत्या पाहण्यानें एवढें होतें, तर हातानें लावल्यानें काय होईल, याचा विचार करायला हरकत नाहीं.

आतां सावधगिरीची गोष्ट. बाग व शेत हें औषध आहे असें म्हणून यापूर्वीं मुलांवर जुलूम झालेला आहे. फ्रान्स देशांत तूर शहराजवळ मेत्रे नांवाच्या गांवीं देमेत्झ नांवाच्या न्यायाधीशानें १८३९ सालीं मुलांची एक शेतकी वसाहत काढली. हेतु चांगला होता. भिंत नव्हती. मुलांचे गट करून त्यांना 'कुटुंबें' म्हणत आणि वेगवेगळ्या घरांत ठेवीत. शहरांतल्या बिघडलेल्या मुलाला जमीन सुधारील अशी कल्पना होती, आणि युरोपभरचे लोक ती वसाहत पाहायला येत. पण त्या काळच्या फ्रेंच कायद्याची गंमत अशी, कीं मुलाला समज नव्हती म्हणून न्यायालय त्याला निर्दोष सोडी, आणि त्याच निकालांत त्याला विसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहांत ठेवण्याचा हुकूमहि देई! निर्दोष ठरलेलीं पोरें वर्षानुवर्षें दुसऱ्याच्या हुकमानें, दुसऱ्याच्या फायद्यासाठीं शेतांत राबलीं. बोललास तर शिक्षा, रेंगाळलास तर अंधारकोठडी. झां जने नांवाचा पुढें प्रसिद्ध झालेला फ्रेंच लेखक १९२६ ते १९२९ या काळांत तेथें होता.

त्याच देशांत समुद्रांतल्या बेल-ईल बेटावर अशीच एक वसाहत होती. तेथें मुलांना शेतीचें व दर्यावर्दीपणाचें काम शिकवीत. १९३४ च्या ऑगस्ट महिन्यांत एका मुलानें जेवतांना सारापूर्वीं चीजचा तुकडा तोंडांत घातला. एवढ्यावरून त्याला रखवालदारांनीं बडविलें. मुलें खवळलीं आणि पन्नासाहून अधिक मुलें रातोरात पळालीं. बेटावरून पळून जाणार कोठें? पकडून आणलेल्या दर मुलामागें वीस फ्रँक बक्षीस लावलें गेलें, आणि हवा खायला आलेले पाहुणे लोकसुद्धां पोरांची शिकार करायला निघाले. या प्रकरणानें देशभर चीड उसळली. वर्तमानपत्रांनीं अशा वसाहतींविरुद्ध मोहीम चालविली, मेत्रेची वसाहत १९३० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, आणि १९४५ च्या नव्या कायद्यानें शिक्षेच्या आधीं शिक्षण हें तत्त्व फ्रान्सनें मान्य केलें.

बंधूंनो, मेत्रेलाहि कुदळ होती, माती होती, मोकळी हवा होती. मग बिघडलें कोठें? पिकलें तें मुलाचें नव्हतें. 'मला हें करायचें आहे' असें म्हणण्याची त्याला मुभा नव्हती. 'मला आज नको' असें म्हटलें तर फटके होते. दुसऱ्याच्या शेतांत वेठीनें राबणें म्हणजे काय, हें आपल्या आजोबापणजोबांना पुस्तकांत वाचावें लागलें नाहीं. वेठीची कुदळ कोणाला सुधारीत नाहीं. ती माणसाला जमिनीचा द्वेष करायला शिकविते.

आतां दुसरी बाजू ऐका. अंतोन मकारेंको नांवाचा एक शिक्षक युक्रेनमध्यें होऊन गेला. बाप रेल्वेच्या कारखान्यांत रंगारी, म्हणजे कारागिराचेंच घर. १९०५ सालीं सतराव्या वर्षीं तो रेल्वे कामगारांच्या मुलांचा शिक्षक झाला. महायुद्ध आणि यादवी युद्ध यांमुळें त्या देशांत लाखों मुलें अनाथ होऊन रस्त्यावर आलीं होतीं, चोऱ्यामाऱ्या करीत होतीं. १९२० सालीं पोल्टाव्हा शहराजवळ अशा मुलांची वसाहत मकारेंकोच्या हवालीं करण्यांत आली. पहिलीं मुलें आलीं तीं अवघीं सहा. घरें पडकीं, अन्न तुटपुंजें, आणि पोरें आसपासच्या शेतकऱ्यांचीं तळघरें फोडीत, वाटसरूंना लुटीत. गांवकरी त्यांच्या नांवानें बोटें मोडीत.

मकारेंकोनें काय केलें? मुलांचे मागले गुन्हे नोंदलेले कागद वाचण्याचें त्यानें सोडून दिलें. जवळच्या एका जमीनदाराचा उजाड झालेला वाडा व जमीन त्यानें वसाहतीसाठीं मिळविली, आणि मुलांनींच ती दुरुस्त करून पिकाखालीं आणली. पिकलें तें मुलांच्याच ताटांत पडे, आणि कामाची वांटणी मुलांतलेच नायक करीत. संध्याकाळीं नाटकाची तालीम असे. हिवाळ्यांत आठवड्याआठवड्याला नवें नाटक बसवीत आणि आसपासच्या गांवकऱ्यांना तें फुकट दाखवीत. ज्यांचीं तळघरें फुटलीं होतीं तेच शेतकरी बायकापोरांसह बर्फांतून चालत नाटक पाहायला येऊं लागले. तुमच्या लक्षांत येतें ना काय झालें? काल ज्याला पाहून दार लावून घेत होते, आज त्याला पाहण्यासाठीं लोक दार उघडून बाहेर पडले.

मकारेंकोनें १९३३ ते १९३५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत एक प्रसंग लिहिला आहे. पूर्वीं चोऱ्या केलेल्या एका तरुणालाच त्यानें एकदां सरकारी कचेरींतून वसाहतीचे पैसे आणायला एकट्याला पाठविलें. तो पैसे घेऊन परत आला. पुढच्या वेळीं त्याहून मोठी रक्कम आणायला पाठविलें. तेव्हांहि तो परत आला. ज्या खऱ्या तरुणावरून हें पात्र रंगविलें, तो सेम्योन कलाबालिन पुढें स्वतःच निराधार मुलांच्या संस्थांचा चालक झाला. मकारेंकोच्या पद्धतींत बिगुल, गणवेष आणि लष्करी शिस्त फार होती. ती आम्हांस रुचत नाहीं, आणि जशीच्या तशी येथें आणावी असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही त्यांतलें एवढेंच घेतों, कीं पीक मुलांचें, कला मुलांची, आणि गांव भिंतीच्या आंत आलेलें.

आपल्याकडे काय आहे तेंहि पाहूं. मुंबईंत १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या नांवानें मुलांचें सुधारगृह निघालें. १८७६ सालीं सुधारशाळांचा कायदा झाला. १९२४ सालीं मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा झाला आणि १९२७ सालीं मुंबईंत चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. म्हणजे मुलांना मोठ्या कैद्यांपासून वेगळें ठेवावें आणि त्यांना कांहीं शिकवावें, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. पण त्याच सरकारनें १८७१ सालीं जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरविणारा कायदाहि केला. तो देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडावें लागलें. त्या जमातींचीं पोरें आजहि संशयावरून आधीं पकडलीं जातात. तेव्हां सुधारणा हा शब्द ऐकला कीं ती कोणाची, कोणाच्या हुकमानें आणि कोणाच्या फायद्याची, हें विचारण्याची संवय आपण ठेविली पाहिजे.

मोठ्या माणसांच्या बाबतींत आपल्याच भागांत एक मोठी गोष्ट झाली आहे. औंध संस्थानांत आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नांवाची खुली वसाहत निघाली. मॉरिस फ्रिडमन नांवाच्या पोलंडच्या गृहस्थाची ती कल्पना, आणि औंधच्या राजेसाहेबांनीं ती उचलून धरली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथें बेड्यांशिवाय राहून शेती करूं लागले. त्यावरूनच ग. दि. माडगूळकरांनीं कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनीं १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट काढला. तुम्हांपैकीं वडीलधाऱ्यांनीं तो पाहिला असेल. खून केलेल्या माणसाच्या हातीं विश्वासानें शेत देतां येतें, तर तार काढलेल्या चौदा वर्षांच्या पोराच्या हातीं चार हातांचा वाफा देतांना आम्हीं कां कचरावें?

कायदा या कामीं आडवा येत नाहीं, उलट तो वाट दाखवितो. २०१५ च्या कायद्याच्या ५३ व्या कलमांत गृहांतल्या मुलांना शिक्षण, कौशल्य, हातांच्या कामांतून उपचार, मानसिक आधार, खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम द्यावेत असें लिहिलें आहे. त्याच कलमाप्रमाणें गृहांत मुलांच्या समित्या करावयाच्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १९९० सालीं कोंडलेल्या मुलांसाठीं नियम केले. त्यांत रोज मोकळ्या हवेंत व्यायामाची वेळ द्यावी असें आहे, आणि त्याशिवाय फावल्या वेळाचा कांहीं भाग कला व हस्तव्यवसाय यांसाठीं असावा असेंहि आहे. पण तेथें एक अट घातली आहे, ती म्हणजे मुलाची तशी इच्छा असेल तर. ही छोटी अट म्हणजेच मेत्रेच्या मुलांच्या रक्ताघामाचें सार आहे, असें आम्हांस वाटतें.

एका जिल्ह्याच्या ठिकाणचें असें एक गृह आम्ही पाहून आलों. त्याचें नांव येथें सांगत नाहीं. पुढें फाटकाशीं छान बाग होती. कुंड्यांना गेरूचा रंग होता आणि झेंडू फुललेला होता. आम्ही विचारलें, ही बाग मुलें करतात काय? उत्तर आलें, बाग पाहुण्यांसाठीं आहे. मुलें आंत असतात, माळी वेगळा आहे. आंत फरसबंद अंगण होतें आणि उन्हाच्या पट्ट्यांत मुलें भिंतीला पाठ लावून बसलीं होतीं. भिंतीवर एका मुलानें कोळशानें बैल काढला होता. बैलाचें वशिंड इतकें बरोबर होतें, कीं तें पोर शेतकऱ्याचें हें विचारावें लागलें नाहीं. तो पुसून टाकायचा आहे असें आम्हांला सांगण्यांत आलें.

मग काय करावें? आम्ही नुसतें रडगाणें गात नाहीं. जें करतां येण्यासारखें आहे तें सांगतों.

पहिली गोष्ट, वाफा मुलाचा असावा. चार हात लांब, दोन हात रुंद, एका मुलाचा एक. फरशी असेल तर पोत्यांत, डब्यांत, जुन्या पाट्यांत माती भरावी. निरीक्षणगृहांतलें मूल किती दिवस राहील याचा नेम नसतो. जामीन झाला कीं तें जातें. म्हणून तेथें आंबा लावून उपयोग नाहीं. मेथी लावावी, ती महिन्याभरांत हातीं येते. मुळा व कोथिंबीर दीड महिन्यांत येतात. वांगी, मिरची विशेष गृहांत लावावी, जेथें मुलें वर्षभर राहतात. जाणाऱ्या मुलानें आपला वाफा येणाऱ्याच्या हातीं सोंपवून जावें. वाटणी व पाण्याची पाळी मुलांच्या समितीनें ठरवावी.

दुसरी गोष्ट, पिकलेली भाजी त्याच दिवशीं मुलांच्या ताटांत पडली पाहिजे. ती साहेबांच्या घरीं गेली, तर समजा कीं तेथें मेत्रे सुरू झालें.

तिसरी गोष्ट, हत्यारांची भीति. ही भीति खोटी नाहीं. खुरपीं मोजून द्यावीं, मोजून घ्यावीं. भिंतीवर एकेका खुरप्याची आकृति रंगवून त्यावर तें टांगावें, म्हणजे एक जरी कमी झालें तरी रिकामी आकृति ओरडून सांगते. पहिले कांहीं दिवस नुसत्या हातांनीं आणि लांकडी फळीनें काम करावें. विश्वास वाढेल तसें हत्यार वाढवावें.

चौथी गोष्ट, कला. येथें कारागीर बंधूंनीं व आमच्या मायबहिणींनीं कान द्यावा. कांहीं मुलांच्या बाबतींत जें घडलेलें असतें तें तोंडानें सांगतां येत नाहीं. बापाचा मार, आईची आत्महत्या, मोठ्या माणसानें केलेला अत्याचार. हें पोलिसांनीं विचारलें म्हणून बाहेर येत नाहीं. पण ओल्या मातीचा गोळा हातांत दिला तर तें पोर प्रथम तो आपटतें, दाबतें, मोडतें, आणि मग केव्हां तरी त्याचें घर करतें. पोळ्याला मातीचे बैल करणारा कुंभारदादा, भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक काढणारी वारली मावशी, ढोलकीवर थाप मारतांच दहा पोरें गोळा करणारा आपला शाहीर, हे या मुलांचे खरे गुरु आहेत. रंगासाठीं चाकू लागत नाहीं, मातीसाठीं काडतूस लागत नाहीं.

पण तेथेंहि पथ्य पाळावें. मुलानें काढलेलें चित्र त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरूं नये. त्यावर त्याचें नांव घालून प्रदर्शनांत टांगूं नये. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणें हा कायद्यानें गुन्हा आहे. मंत्री आले म्हणून पोरांना रंगीत कपडे घालून नाचवूं नये. ज्याला चित्र नको त्याला ढोलकी द्यावी, ढोलकी नको त्याला वाफा द्यावा, आणि ज्याला आज कांहींच नको त्याला झाडाखालीं बसूं द्यावें. मुलींच्या गृहांत नुसती मेंदी आणि रांगोळी नेऊन थांबूं नये. आपल्या घरच्या बायका शेतांत निम्म्याहून अधिक काम करतात. मग मुलीच्या हातीं कुदळ कां नको?

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बाग आणि रंग एवढ्यानेंच सगळें होतें असें जो सांगेल तो तुम्हांला फसवितो. ज्या मुलाला मार बसतो त्याचा मार आधीं थांबला पाहिजे. ज्याला व्यसन लागलें आहे त्याला वैद्य पाहिजे, ज्याचा जामीन अडला आहे त्याला वकील पाहिजे, ज्याची शाळा सुटली त्याला शिक्षक पाहिजे. आणि सुटून आल्यावर त्याला घेणारा कोणी पाहिजे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगांत कॅथरीन स्नीड या बाईंनीं मोठ्या कैद्यांकडून भाजीची शेती करविली. पण सुटल्यावर त्या माणसांना बाहेर ना काम ना आसरा. म्हणून १९९२ सालीं त्यांनीं सुटून आलेल्यांसाठीं तुरुंगाबाहेर वेगळी बाग काढली, तेथें कामाची मजुरी दिली. आंतली बाग बाहेरच्या शेताला जोडली नाहीं तर ती भिंतीपाशींच सुकते.

हें बाहेरचें शेत सरकारजवळ नाहीं. तें तुमच्याजवळ आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली. पुढें त्यांच्या वसतिगृहांतल्या पोरांनीं अंगमेहनत करून आपलें शिक्षण केलें. त्या पोरांनाहि घाम आला, पण त्या घामाची वही त्यांच्या स्वतःच्या हातांत होती. तशीच वही या पोरांच्या हातीं आपण देऊं शकतों.

म्हणून या सभेपुढें आम्ही तीन विनंत्या ठेवतों. आपल्या तालुक्यांतल्या जाणत्या शेतकऱ्यांनीं व कारागिरांनीं आपलीं नांवें द्यावींत. गृहाच्या अधीक्षकांकडे रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन, आठवड्यांतून एक दिवस तेथें जाऊन शिकवावें, आणि त्या दिवसाची मजुरी सरकारनें द्यावी अशी मागणी करावी. कारागिराची विद्या फुकट नाहीं. दुसरी विनंती, सुटून आलेल्या पोराला एक हंगाम आपल्या शेताशीं किंवा भात्याशीं उभें राहूं द्यावें. पण त्याला बिनपगारी गडी समजूं नये; वय असेल तर मजुरी द्यावी, नसेल तर आधीं शाळेंत बसवावें. त्याला शाळेंत परत घेण्याचें काम आमचें, तें आम्ही करूं. तिसरी विनंती माउलींना. त्या पोराची आई पाणवठ्यावर आली तर तिची घागर बाजूला सारूं नका. कायद्यानें त्या मुलाच्या कपाळावरचा डाग पुसायची सोय केली आहे. बहुतेक प्रकरणांत त्याची नोंदसुद्धां नष्ट करावयाची असते. सरकारी दप्तरांतून पुसलेला डाग गांवानें तोंडीं जपून ठेवला, तर त्या कायद्याचा काय उपयोग?

नापीक पडलेली जमीन पाहून 'हिच्यांत कांहीं व्हायचें नाहीं' असें म्हणणारा माणूस शेतकरी नव्हे. तो दगड वेंचतो, बांध घालतो, खत टाकतो आणि दोन पावसाळे वाट पाहतो. आपल्या पोरांच्या बाबतींत एवढी वाट पाहण्याचें धैर्य आपल्यांत असावें, एवढीच आमची मागणी आहे. ज्यांना नांवें द्यावयाचीं आहेत त्यांनीं सभा संपल्यावर चावडीपाशीं थांबावें. वही आणि पेन्सिल आम्ही बरोबर आणली आहे.